राइडिंग मोअरचं इंजिन बदलताना: आधी शाफ्ट मोजा, मग हॉर्सपॉवर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४२ इंची डेकचं (पात्यांवरच्या आवरणाचं) राइडिंग मोअर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, त्यावर १७.५ हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, उभ्या शाफ्टचं इंजिन. चासी, गिअरबॉक्स, डेक सगळं ठणठणीत. गवत कापता कापता इंजिनातून ठोक्यांचा आवाज आला आणि ते बंद पडलं. आता चावी फिरवली की नुसता ‘कट्’ असा आवाज होतो, इंजिन फिरत नाही. याच जागी मोठं, दोन सिलिंडरचं व्ही-ट्विन बसवता येईल का, आणि हे काम घरी जमेल का?

जमेल. गाड्यांचं किरकोळ काम हाताने करणाऱ्याला हे काम अवघड नाही आणि व्ही-ट्विनही बहुतेक वेळा बसतं. मात्र हे काम बोल्ट खोलताना सहसा फसत नाही, इंजिन मागवताना फसतं. लोक हॉर्सपॉवरचा आकडा बघून इंजिन आणतात. मग शाफ्ट अर्धा इंच लांब निघतो, सायलेन्सर चासीला घासतो, वायरिंगचा कनेक्टर जुळत नाही, आणि नवंकोरं इंजिन खोक्यात पडून राहतं. म्हणून मी या उत्तरात खोलण्या-बसवण्यापेक्षा मोजमापावर जास्त बोलणार आहे.

त्याआधी एक गोष्ट. इंजिन खरंच गेलं आहे का, हे तपासा. ‘कट्’ आवाज आणि फिरत नाही, एवढ्यावरून निकाल देऊ नका. बॅटरी उतरली असेल, स्टार्टरचा सोलेनॉइड (त्याला करंट देणारा विजेचा स्विच) खराब असेल किंवा अर्थिंगची वायर गंजली असेल, तरी हुबेहूब असंच होतं. स्पार्क प्लग काढा आणि वरच्या फ्लायव्हीलला, म्हणजे शाफ्टवरच्या जड चाकाला, धरून इंजिन हाताने फिरवून बघा. प्लग काढताच सिलिंडरमधून पेट्रोल उडालं, तर कार्बोरेटरची सुई गळून सिलिंडर भरला होता. इंजिन मेलेलं नाही. अशा वेळी ऑइलमध्येही पेट्रोल मिसळलेलं असतं, ते बदलावंच लागतं. हे करताना आसपास ठिणगी नको. फ्लायव्हील फिरतं, पण प्लगच्या भोकातून घातलेली प्लास्टिकची नळी वर-खाली होत नाही, तर कनेक्टिंग रॉड तुटला आहे. फ्लायव्हील अजिबात हलतच नसेल, तर आत काहीतरी जाम आहे. ठोके येऊन थांबलेल्या इंजिनात बहुतेक वेळा रॉडचंच काम झालेलं असतं, आणि क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, बाजूला तडा किंवा भोक दिसलं तर पुढे तपासायची गरज उरत नाही.

निम्म्यावर अडकून मग फिरणारं इंजिन मात्र वेगळं प्रकरण आहे. स्टार्ट करताना दाब कमी व्हावा म्हणून कॅमशाफ्टवर एक छोटी यंत्रणा असते, ती एक व्हॉल्व्ह किंचित उघडा धरते. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधलं, अंतर वाढलं की तिचा परिणाम व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही आणि स्टार्टर दमतो. हे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि दोन पान्यांचं काम आहे. तसंच, धूर आणि ऑइल पिणं म्हणजे रिंगा गेल्या असं धरून चालू नका. डोक्यावर व्हॉल्व्ह असलेल्या एका सिलिंडरच्या इंजिनात हेड गॅस्केट सिलिंडर आणि पुशरॉडची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्यांची) पोकळी यांच्यामध्ये जळतं. मग ज्वलनाचा दाब क्रँककेसमध्ये जातो, ब्रीदरमधून, म्हणजे क्रँककेसचा दाब सोडणाऱ्या नळीतून, ऑइल उडतं, आणि सगळी लक्षणं रिंगा गेल्यासारखी दिसतात. साध्या गॅस्केटवर सुधारली असती अशी इंजिनं केवळ या गैरसमजातून भंगारात गेलेली मी पाहिली आहेत आणि त्याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

इंजिन गेलंच असेल, तर ते का गेलं हेही शोधा. ऑइल कमी होतं का? पंख्याच्या आवरणाखाली सिलिंडरच्या पंखांमध्ये गवताचा चोथा किंवा उंदराचं घरटं अडकलं होतं का? एअर फिल्टर बाजूने धूळ आत सोडत होता का? इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग बदलून कुणी वेग वाढवला होता का? जमिनीचा उतार १५ अंशांच्या वर आहे का? कारण तसंच राहिलं तर नवं इंजिनही त्याच वाटेने जाईल.

आता मोजमाप. राइडिंग मोअरवर बहुतेक इंजिनं उभ्या शाफ्टची असतात, म्हणजे क्रँकशाफ्ट खालच्या बाजूने बाहेर येतो आणि त्यावरच्या पुलीवरून पट्टे चालतात. या शाफ्टची चार मापं लागतात: व्यास, लांबी, चावीच्या (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून बसवलेल्या धातूच्या तुकड्याच्या) खाचेची रुंदी आणि टोकातल्या भोकाचे आटे. घरगुती राइडिंग मोअरवर सर्वाधिक आढळणारा शाफ्ट १ इंच व्यासाचा, ३ ५/३२ इंच म्हणजे सुमारे ८० मिलिमीटर लांबीचा, पाव इंची खाचेचा आणि टोकाला ७/१६-२० आट्यांचा (७/१६ इंची बोल्ट, इंचाला २० आटे) असतो. हाताने ढकलायच्या मशीनवर ७/८ इंची शाफ्ट आढळतो, तर व्यावसायिक झिरो-टर्न (जागच्या जागी वळणाऱ्या) मशीनवर १ १/८ इंच व्यासाचा, ४ ५/१६ इंच लांबीचा बऱ्याचदा असतो. म्हणजे एकाच कंपनीचं, एकाच ताकदीचं इंजिन वेगवेगळ्या शाफ्टांत मिळू शकतं. इंजिनावर खोदलेल्या मॉडेल क्रमांकाइतकाच त्याच्या शेजारचा टाइप किंवा स्पेसिफिकेशन क्रमांक महत्त्वाचा असतो, कारण शाफ्टचा प्रकार आणि इतर जोडण्या त्यातूनच ठरतात. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिन कंपनीच्या पारंपरिक मॉडेल क्रमांकात सुरुवातीचे आकडे घनइंचांतली क्षमता सांगतात: ३१ ने सुरू होणारं इंजिन ३१ घनइंचांचं, म्हणजे ५०० सीसीच्या आसपासचं. जुनं मशीन टेकमसेच्या इंजिनाचं असेल, तर त्या कंपनीने २००८ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं आहे; तिथे दुसऱ्या कंपनीचंच इंजिन जुळवावं लागतं.

लांबी का महत्त्वाची, तर पुली ज्या उंचीवर बसते त्याच उंचीवर पट्ट्याची रेघ ठरते. चाकांकडे जाणारा पट्टा वरच्या पुलीवर, पात्यांचा पट्टा खालच्या पुलीवर किंवा इलेक्ट्रिक क्लचवर (विजेने पाती जोडणारा-सोडणारा भाग). शाफ्ट लांब असेल तर क्लच खाली उतरतो, पट्टा तिरका चालतो, कडेने उसवतो आणि सतत पुलीवरून उडतो. शाफ्ट आखूड असेल तर क्लचचा बोल्ट पुरेसे आटे पकडत नाही. जुन्या शाफ्टवर पुलीच्या वर एखादी स्पेसर रिंग असेल तर ती जपून ठेवा. ती छोटी रिंग हरवली की जुळणी बिघडलीच. इंजिनाच्या तळाचा सपाट भाग ते पुलीची खाच हे अंतर जुन्यावर मोजून लिहून ठेवा. नव्यावर तेच यायला हवं.

तळाच्या चार बोल्टांची जागा त्यामानाने सोपी आहे. या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांत हे बोल्ट १० इंच व्यासाच्या वर्तुळावर येतात, म्हणून एका कंपनीचं काढून दुसरीचं बसवणं शक्य होतं. पण जुनं इंजिन कुठल्या दिशेला तोंड करून बसलं होतं, हे बघा. चार भोकं जुळली तरी ऑइल काढायचं बूच चासीच्या पट्टीमागे जाऊ शकतं किंवा ऑइल फिल्टर बॅटरीच्या ट्रेला टेकू शकतो.

मोठं इंजिन घ्यावं का, यावर माझं मत स्पष्ट आहे: ४२ इंची डेकला १७.५ हॉर्सपॉवर पुरते. छापील आकडाही जपून वाचा. एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेच्या जे१९४० पद्धतीने दिलेला हॉर्सपॉवर हा ‘ग्रॉस’ असतो, म्हणजे एअर क्लीनर, सायलेन्सर यांसारखे ताकद खाणारे भाग धरण्याआधीचा आणि साधारण ३६०० आरपीएमवरचा. पट्ट्यापर्यंत पोहोचणारी ताकद त्यापेक्षा कमी असते. दोन इंजिनांची तुलना करायची तर सीसी बघा, टॉर्क बघा. व्ही-ट्विनचा खरा फायदा वेगळा आहे. ते कमी थरथरतं, जाड गवतात वेग धरून ठेवतं आणि चासीच्या जोडांवर कमी ताण देतं. त्यासाठी तुम्ही घेत असाल तर जरूर घ्या, पण किंमत फक्त इंजिनाची धरू नका. दोन्ही सिलिंडरचे एक्झॉस्ट एकत्र आणणारा नवा सायलेन्सर लागतो, आणि या संपूर्ण कामात सर्वांत डोकेदुखी त्याचीच असते, कारण तो बॉनेटखाली, प्लास्टिकपासून आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब बसायला हवा. थ्रॉटलची वायर वेगळ्या कोनातून येते. बॉनेट बंद होतं का, हे पुठ्ठ्याचा साचा करून आधीच बघावं. स्टार्टरला जास्त करंट लागतो, त्यामुळे जुनी अशक्त बॅटरी तिथे चालत नाही. हे सगळं नको असेल, तर त्याच जातीचं एका सिलिंडरचं इंजिन घ्या. एका दिवसात मोकळे व्हाल.

खोलण्याचा क्रम आता पटकन सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी सोडा. प्लगचं कॅप काढा. डेक उतरवून बाजूला घ्या. ऑइल काढा, पेट्रोलची नळी बंद करा, आणि टाकी बॉनेटखाली असेल तर ती काढूनच टाका. प्रत्येक वायर, स्प्रिंग आणि पट्ट्याच्या मार्गाचे फोटो काढा, विशेषतः पट्टा अडवणाऱ्या छोट्या खिळ्यांचे. वायरींना चिकटपट्टी लावून नावं लिहा. मग खालून क्लचचा किंवा पुलीचा बोल्ट. त्याचे आटे नेहमीचे उजवे असतात. खालून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. इम्पॅक्ट रेंच असेल तर इंजिन अडवून धरावं लागत नाही.

पुली मात्र छळते. वर्षानुवर्षं शाफ्टवर गंजून ती एकजीव होते. तिच्यावर गंज सोडवणारं तेल एक-दोन दिवस आधीपासून टाकत राहा, मग पुलर (पुली ओढून काढायचं अवजार) लावा. हातोड्याने खालून ठोकू नका. तो मार थेट क्रँकशाफ्ट, बेअरिंग आणि ऑइल सीलवर जातो. इंजिन मेलेलंच आहे म्हणून शाफ्टची पर्वा नसली तरी पुली वाकते, आणि पुली तुम्हाला नव्या इंजिनावर पुन्हा लावायची आहे. गॅसच्या ज्योतीने तापवायचं असेल तर टाकी आणि नळ्या पूर्ण दूर हव्यात. इलेक्ट्रिक क्लच लागलेला असताना ज्योत नकोच, त्यातली कॉइल आणि बेअरिंग दोन्ही जातील. काही चासींत मधलं भोक इतकं मोठं असतं की पुलीसकट इंजिन वर काढता येतं आणि पुली मग टेबलावर सोडवता येते. एका सिलिंडरचं इंजिनही जड असतं, व्ही-ट्विन ३५ ते ४० किलोपर्यंत जातं. दुसऱ्या माणसाशिवाय उचलू नका.

नवं इंजिन चासीवर ठेवण्याआधी, ऑइल न भरता, ते आडवं करून पुली आणि क्लच शाफ्टवर हाताने सरकवून बघा. शाफ्टच्या खाचेत नवी चावी बसवा, जुनी वापरू नका. पुली हाताच्या जोरावर सरकली पाहिजे. अडली तर तिच्या आतला गंज एमरी पेपरने साफ करा. शाफ्टवर अँटी-सीझ पेस्टचा पातळ थर द्या, म्हणजे पुढच्या वेळी पुली सुटेल. ही पाच मिनिटांची चाचणी चासीखाली आडवं पडून घालवलेला अख्खा दुपारचा वेळ वाचवते. इंजिनाचे चार बोल्ट बऱ्याचदा स्वतःच आटे पाडत ॲल्युमिनियममध्ये जाणारे असतात. पहिल्यांदा ते हाताने, सरळ आणि हळू घाला. वाकडा गेलेला एक बोल्ट नव्या क्रँककेसचं भोक कायमचं खराब करतो.

क्लचला चासीशी अडवून धरणारी जी पट्टी किंवा खाच असते, ती जागच्या जागी बसली आहे ना हे बघा. ती चुकली तर क्लचचं शरीर शाफ्टबरोबर गरगर फिरून स्वतःच्या वायरी तोडतं. पण त्या पट्टीवर क्लच घट्ट जखडायचाही नाही, किंचित मोकळा हवा. मधला बोल्ट साधारण ५० फूट-पाउंडांपर्यंत, म्हणजे ७० न्यूटन-मीटरच्या जवळपास आवळतात. तुमच्या क्लचच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

वायरिंगमध्ये लोक घाबरतात, खरं तर इंजिनाकडे जाणाऱ्या कामाच्या वायरी मोजक्या आहेत. स्टार्टरची जाड वायर सोडून द्या, ती दिसतेच. उरतात तीन. पहिली बंद करायची वायर, जी इग्निशन कॉइलला जमिनीशी, म्हणजे इंजिनाच्या धातूशी, जोडून इंजिन थांबवते. दुसरी कार्बोरेटरखालच्या सोलेनॉइडची, जी चावी चालू असताना १२ व्होल्ट घेऊन पेट्रोलचा मार्ग उघडा ठेवते. तिसरी चार्जिंगची. यातली एकच चूक महाग पडते: बंद करायच्या वायरीवर १२ व्होल्ट गेले तर कॉइल जळते. म्हणून कनेक्टर जुळत नाही म्हणून रंगावरून वायरी जोडू नका. कंपन्यांचे रंग एकमेकांशी जुळत नाहीत. मल्टिमीटर घ्या. चावी बंद असताना जी वायर चासीशी जोडलेली दिसते आणि ‘चालू’वर सुटते, ती बंद करायची. बऱ्याच चावीच्या स्विचांच्या मागे एम, जी, बी, एस अशी अक्षरं असतात. एम म्हणजे मॅग्नेटो (इग्निशन कॉइलची बाजू), जी म्हणजे जमीन, बी बॅटरी, एस स्टार्टर. एमवरून निघालेली वायर शोधली की निम्मं काम झालं. उरलेल्या दोन्ही वायरींवर ‘चालू’ स्थितीत १२ व्होल्ट दिसू शकतात, तेव्हा त्या जुन्या इंजिनावर नेमक्या कुठे लागल्या होत्या ते तुमच्या फोटोंवरून ठरवा.

चार्जिंगमध्ये अजून एक बारीक मुद्दा आहे. जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनात बऱ्याचदा नुसता डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेलं, कमी ॲम्पिअरचं चार्जिंग असतं आणि दिव्यांसाठी वेगळी एसी वायर असते. नव्या इंजिनांत रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) असतो आणि एकच डीसी वायर बाहेर येते. मग दिव्यांचं कनेक्शन चावीच्या स्विचवरून घ्यावं लागतं. रेग्युलेटरचं धातूचं कवच इंजिनाला घट्ट, रंग खरवडून जोडलेलं हवं, नाहीतर चार्जिंग होतच नाही. व्ही-ट्विनमध्ये दोन कॉइली असतात आणि त्यांच्या बंद करायच्या वायरीत डायोड असू शकतात. त्या कापून साधी वायर टाकू नका. एक सिलिंडर अधूनमधून बंद पडू लागेल आणि कारण सापडणार नाही.

सीटखालचा, ब्रेकचा आणि पात्यांचा सुरक्षा स्विच याच वायरिंगमधून जातात. इंजिन सुरू होत नाही म्हणून ते बायपास करू नका. माणूस सीटवरून उतरल्यावर पाती थांबतात ती याच स्विचांमुळे, आणि यावर मी कुणाशीही तडजोड करत नाही.

पेट्रोलची नळी आणि फिल्टर नवे टाका, टाकी आतून धुवा. जुनी टाकी कार्बोरेटरच्या वर असेल आणि पेट्रोल नुसतं वजनाने येत असेल, तर नव्या इंजिनाला पंप लागणार नाही. टाकी मागे चाकांजवळ, कार्बोरेटरपेक्षा खाली असेल तर क्रँककेसच्या दाबावर चालणारा पंप हवाच. थ्रॉटलची वायर जोडताना कांडी ‘चोक’वर नेल्यावर चोकची झडप पूर्ण बंद होते आणि ‘फास्ट’वर पूर्ण उघडते, हे डोळ्यांनी बघा. काही इंजिनांना चोकची वेगळी वायर लागते. मशीनवर ती नसेल तर छोटी ओढायची दांडी बसवावी लागेल.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी ऑइल तपासा. बरीच नवी इंजिनं कारखान्यातून ऑइल न भरता येतात. एका सिलिंडरला साधारण १.४ लिटर, व्ही-ट्विनला १.९ लिटरच्या आसपास लागतं. शेवटी ऑइल मोजायच्या दांडीवरची खूण प्रमाण. प्लग काढून स्टार्टरने थोडा वेळ फिरवा म्हणजे ऑइल वर चढेल, प्लगची कॅपं त्या वेळी जमिनीशी जोडलेली ठेवा. मग सुरू करा. पहिल्या मिनिटांत सायलेन्सरमधून थोडा धूर येतो, तो कारखान्यातल्या संरक्षक तेलाचा असतो. बॅटरीवर व्होल्टमीटर लावा. पूर्ण वेगात १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक.

वेग टॅकोमीटरने मोजा, कानाने नाही. गव्हर्नरची स्प्रिंग ओढून वेग वाढवायचा मोह होतो, तो टाळा. पात्याच्या टोकाचा वेग अमेरिकी सुरक्षा मानकात मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत मर्यादित आहे आणि डेकच्या पुल्या त्या हिशेबाने बनवलेल्या असतात. वेगळ्या मशीनसाठी बनलेलं इंजिन आणलं असेल, तर त्याचा वेग तुमच्या मशीनच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आणून ठेवा. उलट, कापताना अर्ध्या थ्रॉटलवर चालवणंही वाईट. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा पंखा क्रँकवरच असतो, वेग कमी म्हणजे हवा कमी.

पहिले काही तास हलकं गवत कापा, वेग बदलत राहा. साधारण ५ तासांनी पहिलं ऑइल बदला आणि त्याच वेळी चार बोल्ट, सायलेन्सरचे बोल्ट, क्लचचा बोल्ट पुन्हा आवळून बघा. सायलेन्सरचे हमखास ढिले सापडतात. जुनं इंजिन तोवर भंगारात देऊ नका. त्याच्यावरचा स्टार्टर, कॉइल, कार्बोरेटर चालू असतात, आणि एखादा छोटा ब्रॅकेट किंवा स्प्रिंगचा हूक नव्यावर लावायचा राहून गेला असेल तर तो त्यावरच सापडेल.